दुर्बिणीचे ऑपरेशन आणि आपली जबाबदारी

(आदिवासी सेवाकार्याच्या उपकारस्तुती सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय दवाखान्यातला आहे आणि मी डॉक्टर नाही. मी अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर फिरते. आजाऱ्यांना घेऊन राजूर, संगमनेर, नगर, कधी नाशिक गाठते आणि त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसते. त्या बाकावरून जे दिसले आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, तेवढेच सांगते.

आपल्या ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांवर ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की त्याचा एकच अर्थ होतो, तो म्हणजे कुटुंबनियोजन. यात लोकांचा दोष नाही. खेड्यापाड्यांत ही दुर्बीण प्रथम पोहोचली ती नसबंदीच्या शिबिरांतून. आजी झालेल्या कितीतरी बायकांना ती शिबिरे आजही आठवतात. त्यामुळे डॉक्टर ‘दुर्बिणीने बघू’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरेच.

एका वाडीवरची सून, लग्नाला चार वर्षे झालेली. पोट सतत दुखे, संध्याकाळी बारीक ताप येई, वजन उतरत चाललेले. सोनोग्राफीत नक्की काही कळेना. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने आत पाहावे लागेल. सासूबाईंनी सुनेचा हात धरला आणि सरळ एसटी स्टँड गाठला. मी मागे धावले तर म्हणाल्या, “बाई, माझ्या सुनेला अजून एक लेकरू नाही, अन् तुम्ही तिची नस कापाया निघाल्या?”

दोघी घरी गेल्या. त्यानंतर वाडीवर माझ्या तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला आशाताई बरोबर होत्या. आम्ही जमिनीवर कोळशाने पोटाचे चित्र काढले, दुर्बीण कुठून जाते आणि काय बघते ते दाखवले. सासूबाई बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आत नुसतं बघणार ना? मग मी बी येते.”

दुर्बिणीने पाहिले तेव्हा पोटाच्या आतल्या पडद्यावर पांढरे बारीक दाणे होते. त्यातला तुकडा तपासला. पोटाचा क्षयरोग निघाला. सरकारी योजनेतली मोफत औषधे सहा महिने चालली. सून आता बरी आहे, शेतात जाते. मूल अजून झालेले नाही, त्यासाठी आपण प्रार्थना करत आहोत. पण वेळेवर निदान झाले नसते तर आज ती आपल्यात असती की नाही, सांगता येत नाही.

या दुर्बिणीची थोडी माहिती घेऊ. पोटावर बेंबीजवळ एक सेंटिमीटरच्या आसपासचे छिद्र घेतात. आत कार्बन डायऑक्साइड वायू सोडून पोट तंबूसारखे वर उचलतात, म्हणजे काम करायला जागा होते. त्या छिद्रातून कॅमेरा जातो आणि आतले चित्र पडद्यावर दिसते. आणखी दोन-तीन बारीक छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारे घालून काम करतात. जर्मनीत कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये या पद्धतीने अपेंडिक्स काढले आणि एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय काढले. सुरुवातीला दोघांनाही त्यांच्याच व्यवसायबंधूंचा कडवा विरोध सोसावा लागला.

आपल्या देशात हे काम मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयातून सुरू झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. तेहेमटन उदवाडिया १९७२ पासून तेथे पोटाच्या आजारांचे निदान दुर्बिणीने करत होते आणि १९९० मध्ये त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. ही श्रीमंतांची चैन आहे, असे तेव्हा पुष्कळ जण म्हणत. त्यांचे म्हणणे उलट होते. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्यालाच लवकर उठून कामाला लागण्याची गरज सर्वांत जास्त असते. ते लहान गावांतल्या डॉक्टरांना हे तंत्र शिकवत राहिले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे म्हणणे आपल्या डोंगरात किती खरे आहे ते पाहा. पित्ताशयाचे पोट उघडून ऑपरेशन झाले तर चांगला वीतभर काप असतो, दवाखान्यात आठवडाभर मुक्काम पडतो आणि पुढे दीड-दोन महिने जड उचलायचे नाही. दुर्बिणीने झाले तर बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत घरी जातात आणि पंधरा दिवसांत हलक्या कामाला लागतात. शहरातल्या माणसाला हा फरक रजेचा वाटेल. रतनवाडी-घाटघरकडे पाऊस सुरू झाला की भाताची आवणी थांबत नाही. तो महिना हातून गेला तर वर्षाचा भात गेला. आवणी झाली की माणसे नारायणगावच्या बाजारात मजुरीसाठी उभी राहतात. तिथे कोणी पोटावरची पट्टी बघून काम देत नाही. म्हणून आपले लोक दुखणे अंगावर काढतात आणि शेवटी दवाखान्यात पोहोचतात तेव्हा पोट उघडण्याशिवाय पर्याय उरलेला नसतो.

मग हे तंत्र जवळच्या दवाखान्यात का नाही? यंत्र महाग आहे हे एक कारण, पण मोठे कारण शिक्षणाचे आहे. दुर्बिणीच्या कामात हाताला आतला अवयव जाणवत नाही. पडद्यावरच्या चित्राला खोली नसते. हत्यार छिद्रात टेकलेले असल्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. उघड्या ऑपरेशनात वीस वर्षे मुरलेला सर्जनही येथे पुन्हा पहिलीत बसतो. सुरुवातीच्या काळात पुरेसा सराव न करता हे काम हाती घेतल्यामुळे जगभर अनेक रोग्यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. त्यातून शहाणपण आले. आता शिकणारे आधी एका बंद पेटीवर सराव करतात. पेटीला छिद्रे असतात, आत कॅमेरा असतो. पडद्याकडे बघत मणी एका खुंटीवरून दुसरीवर न्यायचे, गाठ मारायची, आखलेल्या रेषेवर कापायचे. असे शेकडो वेळा केल्यावर मग अनुभवी सर्जनच्या हाताखाली रोग्यावर काम. सर्जनबरोबर भूलतज्ज्ञ हवा, हत्यारे नीट निर्जंतुक करणारी सिस्टर हवी आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूसही हवा.

डोंगराळ भागासाठी आणखी एक वाट निघाली आहे. वायू न भरता, पोटाची भिंत बाहेरून एका साधनाने उचलून धरायची आणि दुर्बिणीचे काम करायचे. यात पुष्कळदा पाठीतल्या इंजेक्शनची भूल पुरते आणि वायूचे यंत्र व सिलिंडर लागत नाहीत. डॉ. जे. ज्ञानराज या ख्रिस्ती सर्जननी ईशान्य भारतातल्या दुर्गम भागांत या पद्धतीने पुष्कळ काम केले. दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजने इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाबरोबर ग्रामीण सर्जनना ती शिकवण्याचा उपक्रमही चालवला. तेथे होते ते सह्याद्रीत का होऊ नये, हा प्रश्न मी आपल्यासमोर ठेवते.

आता दुसरी बाजू. काप लहान झाला म्हणजे ऑपरेशन लहान झाले असे नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बीड आपल्या शेजारी आहे आणि त्या बहिणी ऊस तोडायला आपल्याच जिल्ह्याच्या फडांवर येतात. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, कामावर खाडा पडला तर दंड, या सगळ्यावर एकच उपाय सांगितला जातो: ‘पिशवी काढून टाक.’ दुर्बिणीने हे आणखी सोपे वाटू लागते. कमी वयात गर्भाशय, त्यातही अंडाशय काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, इतर त्रास मागे लागतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की तातडीची वेळ नसेल तेव्हा गर्भाशय काढण्याआधी आपल्या कोणत्याही बहिणीला दुसऱ्या डॉक्टरांचे मत मिळालेच पाहिजे.

या जिल्ह्याला वैद्यकीय सेवेचा वारसा आहे. नगरमध्ये डॉ. ज्युलिया बिसेल यांनी सुरू केलेले काम पुढे मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलात वाढले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि कमी शिकलेल्या, निरक्षर खेडूत बायकांना आरोग्याच्या कामात तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चांगले यंत्र आणि गावातला शिकवलेला माणूस, दोन्ही लागतात, हे त्या दोघांनी दाखवून दिले.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाची गोष्ट आहे. छप्पर उघडून त्याला प्रभूपुढे सोडले, हे आपल्या लक्षात राहते. पण त्याआधी चौघांनी ती बाज वाहून आणली होती. आपल्या डोंगरात आजही रोग्याला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. तिथून पुढे वाहणारे हात मंडळीचे असले पाहिजेत.

म्हणून चार विनंत्या करते. पहिली, रोग्याबरोबर जाणाऱ्या एका नातेवाइकाचा प्रवास आणि जेवण यांसाठी वेगळा निधी ठेवावा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक शस्त्रक्रियांचा खर्च भागतो, पण सोबत्याची भाकर आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही. दुसरी, शहरातल्या मंडळ्यांनी आळीपाळीने रोग्याच्या सोबत बसावे, कागद वाचून दाखवावेत, आरोग्यमित्राकडे घेऊन जावे. तिसरी, मिशन रुग्णालयातल्या एखाद्या तरुण सर्जनचे किंवा सिस्टरचे दुर्बिणीच्या कामाचे प्रशिक्षण आपण उचलावे. चौथीला पैसे लागत नाहीत: आपल्या महिला संघांनी वाड्यांवर यावे आणि दुर्बीण म्हणजे काय ते आपल्या बोलीत समजावून सांगावे.

त्या सासूबाई आता हेच करतात. शेजारच्या वाडीत कोणाला दुर्बीण सांगितली की त्या स्वतः जाऊन जमिनीवर कोळशाने पोट काढतात. चित्र फारसे बरे येत नाही, पण लोक ऐकतात.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.