मंडळीची उपासना घरच्या बोलीत
मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले आणि त्यांचा नवा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी, चुलीपाशी मराठी, ही इथली रीत. मग ख्रिस्ती मंडळीची उपासना कोणत्या भाषेत व्हावी? आम्हा पाळकांना हा प्रश्न टाळता येत नाही, आणि माझं उत्तर आहे, घरच्या बोलीत. ही वाट नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीबद्ध. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक अभंग रचत, कीर्तन करत. शिवाय भजनात एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही पुस्तकाशिवाय गाता येतं.

कुणी म्हणेल, अभंग-कीर्तन हा नुसता बाहेरचा साज झाला, यात चर्चची ओळखच पुसली जाईल. पण टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती आणि ख्रिस्त मात्र मध्यभागीच राहिला. हिंदी बोलणारी कुटुंबं असतील तिथे हिंदी गीत जरूर घ्यावं. उपदेशही दोन्ही भाषांत करता येतो. मग तो जरा आखूड ठेवावा लागतो, आणि त्याबद्दल मंडळीची तक्रार येईल असं वाटत नाही.