संप्रेरके आणि मस्तिष्कावरणाचे अर्बुद



मेंदूत गाठ आहे, हे शब्द कानी पडताच घरादारावर जी भीतीची छाया पसरते ती अकारण असते असे मी म्हणणार नाही. परंतु या एकाच नावाखाली अनेक भिन्न विकार मोडतात, आणि त्यांपैकी एकाची वाढ शरीरातील संप्रेरकांशी, म्हणजे हार्मोनांशी, निगडित आहे. आज मी त्याच एका विकाराविषयी बोलणार आहे.

काटेकोरपणे पाहता ही गाठ मेंदूची नव्हेच. कवटी आणि मेंदू यांच्या दरम्यान जी आवरणे असतात, त्यांच्या पेशींपासून ती उद्भवते. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी १९२२ साली तिला ‘मेनिन्जिओमा’ हे नाव दिले. बहुधा ती कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. पण कवटीच्या आत रिकामी जागा जवळजवळ नसल्यामुळे तेथे असा सौम्य शेजारीही असह्य होतो.

पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये ही गाठ सुमारे दुप्पट आढळते. शिवाय काही स्त्रियांची दृष्टी गरोदरपणाच्या उत्तरार्धात मंदावते आणि प्रसूतीनंतर पुष्कळशी परत येते, हेही जुन्या शल्यविशारदांच्या लक्षात आले होते. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंत्रिकेवर टेकलेली गाठ त्या महिन्यांत फुगत असे आणि नंतर ओसरत असे. कुशिंग व त्यांच्या सहकारी लुईझ आयझेनहार्ट यांनी अशा रुग्णांची नोंद केली होती. कारण मात्र तेव्हा सांगता येत नव्हते.

ते कारण पेशीच्या अंतरंगात सापडले. संप्रेरक रक्तावाटे सर्व अवयवांपर्यंत पोहोचते. पण ज्या पेशीत त्याला धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन, म्हणजे ग्राही, असते तेथेच त्याची आज्ञा चालते. बहुसंख्य मेनिन्जिओमांत प्रोजेस्टेरॉनचे ग्राही असतात. ईस्ट्रोजेनचे त्या मानाने फारच थोड्यांत. गर्भधारणेत प्रोजेस्टेरॉनची पातळी कितीतरी पटींनी चढते, हे येथे आठवावे.

परंतु खरा पुरावा एका औषधाने पुरवला. सायप्रोटेरोन हे प्रोजेस्टेरॉनसारखे कार्य करणारे औषध फ्रान्समध्ये अनेक वर्षे स्त्रियांच्या अंगावरील अनावश्यक केसांसाठी, आणि पुष्कळदा केवळ मुरुमांसाठीही, दिले जात असे. २००८ साली फ्रेंच शल्यविशारदांनी ते दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांमधील मेनिन्जिओमांकडे लक्ष वेधले. पुढे २,५३,७७७ मुली व स्त्रियांच्या विमा-नोंदी तपासण्यात आल्या आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरात एकूण ३ ग्रॅमपेक्षा कमी औषध गेले त्यांच्यात शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करावे लागलेल्या गाठींचे प्रमाण दरवर्षी लाखात ४.५ होते, ३ ग्रॅम वा अधिक घेणाऱ्यांत ते २३.८ भरले. एकूण मात्रा ६० ग्रॅमच्या पुढे गेली की धोका वीस पटींहून अधिक झाला. रोज ५० मिलिग्रॅम, महिन्यातून वीस दिवस, असे पाच वर्षे घेतले की ६० ग्रॅम होतात. त्वचेच्या तक्रारीसाठी पाच वर्षे! लाखात चोवीस हा आकडा तरीही लहानच आहे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

याहून बोलका आहे तो औषध थांबवल्यानंतरचा अनुभव. पुष्कळ स्त्रियांच्या गाठींची वाढ खुंटली, काहींच्या गाठी आक्रसल्या, आणि कवटी उघडण्याचा प्रसंग टळला. अशा गाठींच्या जनुकांत काही ठरावीक बदल इतर मेनिन्जिओमांपेक्षा अधिक वेळा आढळतात. यावरून माझे मत असे की बीज बहुधा आधीच पेरलेले असते; संप्रेरक त्याला खतपाणी घालते.

मग प्रोजेस्टेरॉनचा मार्ग अडवणाऱ्या औषधाने सर्वच गाठी का रोखू नयेत? हा विचार अनेकांना मोहवून गेला. मिफेप्रिस्टोन हे तसेच औषध. अमेरिकेत १६४ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षात त्याचा लाभ दिसला नाही. ग्राही आहे एवढ्यावरून गाठ त्याच्यावरच जगते असे ठरत नाही.

आपल्या देशाच्या दृष्टीने २०२४ चा फ्रेंच अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन वर्षभर वा अधिक काळ घेण्याचा आणि शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या मेनिन्जिओमाचा संबंध दिसला. धोका सुमारे साडेपाच पट. मात्र १८,०६१ रुग्ण स्त्रियांपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या अवघ्या ९ होत्या, म्हणून हा आकडा सावधपणेच वाचावा. हेच १५० मिलिग्रॅमचे औषध २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने आपल्या सरकारी दवाखान्यांत पाळणा लांबवण्यासाठी दर तीन महिन्यांनी दिले जाते. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसल्याने होणारी हानी आपणांस चांगली ठाऊक आहे. तिच्यापुढे या दुर्मीळ गाठीचे भय दाखवून स्त्रियांना इंजेक्शनापासून परावृत्त करणे मला अनुचित वाटते. मुरुमांसाठी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या संयुक्त गोळ्यांत सायप्रोटेरोन असते ते २ मिलिग्रॅम. महिन्याला २१ गोळ्या घेतल्या तर ६० ग्रॅम व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतील.

आवश्यक आहे ती एक साधी विचारपूस. डोकेदुखी हटत नाही, दृष्टी अंधूक होते, फेफरे येते म्हणून स्त्रीची तपासणी झाली आणि आवरणाची गाठ दिसली, तर कोणती संप्रेरके, किती मात्रेत, किती वर्षे घेतली हे तिला विचारले जावे. आणि मुरुमांची गोळी वा पाळणा लांबवण्याचे इंजेक्शन हे ‘औषध’ नव्हे अशी समजूत असल्याने ती आपण होऊन सांगणार नाही, हे विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावे.