पदवीनंतरचा मुहूर्त

रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि पुढे स्वदेशी येऊन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. परीक्षा संपल्यावर विलायतेत आणखी किती दिवस राहता येईल, हा प्रश्न त्या काळी कायद्याने उभा केलेला नव्हता. राष्ट्रकुलातील प्रजाजनांची ही मोकळीक १९६२ च्या कायद्यापासून आखडू लागली. आज पदवी घेऊन तेथेच नोकरीस लागू इच्छिणाऱ्या तरुणाला विषयाच्या अभ्यासाइतकाच तारखांचाही अभ्यास करावा लागतो. दुर्दैवाने हा दुसरा अभ्यास पुष्कळदा फार उशिरा सुरू होतो.

पदवीधरासमोर मुख्यतः दोन दरवाजे असतात. पहिला ग्रॅज्युएट व्हिसाचा. पदवीनंतर राहून काम करण्याची जुनी सवलत २०१२ साली बंद झाली होती. ती १ जुलै २०२१ पासून या नावाने पुन्हा मिळू लागली. या व्हिसासाठी हाती नोकरी असावी लागत नाही, नोकरी वाटेल तेव्हा बदलता येते. मात्र तो आयुष्यात एकदाच मिळतो आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. दुसरा दरवाजा स्किल्ड वर्कर व्हिसाचा. त्यासाठी सरकारी परवाना असलेला मालक पाठीशी असावा लागतो आणि वेतन ठरलेल्या पातळीचे असावे लागते. पहिल्या दरवाजातून दुसऱ्यात जाता येते. उलट, विद्यार्थिदशेतून थेट दुसऱ्यात शिरलेल्याला ग्रॅज्युएट व्हिसाकडे मागे वळता येत नाही, कारण तो विद्यार्थी-व्हिसा चालू असतानाच मागावा लागतो. सबब कोणता दरवाजा आधी उघडावा, हा निर्णय विचारपूर्वक घेतला पाहिजे.

ग्रॅज्युएट व्हिसाच्या अर्जाला तीन बंधने आहेत. अर्जदार अर्ज करताना ब्रिटनमध्येच असला पाहिजे. त्याचा विद्यार्थी-व्हिसा संपलेला नसावा. आणि अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला आधी कळवलेले असावे. पदवीदान समारंभाची वाट पाहावी लागत नाही, पण विद्यापीठाच्या त्या सूचनेची पाहावीच लागते. वर्षभराच्या किंवा त्याहून मोठ्या अभ्यासक्रमानंतर विद्यार्थी-व्हिसा साधारणतः चार महिने उरतो. निकाल, सूचना आणि अर्ज ही सर्व कामे तेवढ्या अवधीत उरकायची असतात.

कल्पना करू, की पुण्याची एक मुलगी सप्टेंबर २०२५ मध्ये एका वर्षाच्या एम्.एस्‌सी.साठी ब्रिटनला गेली. तिचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२६ मध्ये संपेल आणि व्हिसा जानेवारी २०२७ पर्यंत चालेल. वरवर पाहता घाईचे कारण दिसत नाही. परंतु ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ज्याचा अर्ज पोहोचला त्याला दोन वर्षे, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला अठराच महिने, असा नियम झाला आहे. पीएच्.डी. झालेल्यांची तीन वर्षे तेवढी कायम आहेत. म्हणजे एका रात्रीच्या अंतराने सहा महिने जातात. आपला निकाल गृहखात्याला कोणत्या आठवड्यात कळवला जाईल, हे त्या मुलीने विद्यापीठाच्या कचेरीत उन्हाळ्यातच विचारून ठेवले पाहिजे.

आता घरचे पंचांग पाहावे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतात, आणि भावाचे लग्न नेमके डिसेंबरात ठरते. बहिणीने यावे, अशी आईची इच्छा असते आणि ती रास्तही असते. पण अर्ज केल्यानंतर निर्णय येण्यापूर्वी ब्रिटन, आयर्लंड आणि लगतची बेटे यांच्या बाहेर पाऊल टाकले, तर तो अर्ज मागे घेतला असे धरले जाते. निर्णयाला आठ आठवडे लागू शकतात. येऊन जायचे तर अर्जापूर्वी, किंवा निर्णय हाती आल्यावर. मधल्या काळातील विमानाचे तिकीट फार महाग पडते. त्याची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते.

हाती नोकरी असेल तर गणित निराळे होते. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करसाठी सर्वसाधारण किमान वेतन वर्षाला ४१,७०० पौंड ठरले; नवोदितांना ते ३३,४०० पौंड चालते, मात्र त्या धंद्याच्या प्रचलित दराच्या सत्तर टक्के तरी भरले पाहिजे. ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षांची आहे आणि ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळ तीतच मोजला जातो. दोन वर्षे आधीच खर्ची पडली, तर दोनच उरतात. शिवाय, कायम वास्तव्यासाठी जी वर्षे भरावी लागतात त्यांत ग्रॅज्युएट व्हिसाची वर्षे धरली जात नाहीत. आणि ती अट पाचांवरून दहा वर्षांवर नेण्याचा मानस सरकारने मे २०२५ मध्ये प्रकट केला.

मालकांचाही एक हिशेब असतो. परक्या देशातील माणूस नेमताना त्यांना सरकारात कौशल्य-कर भरावा लागतो. विद्यार्थी-व्हिसावरून थेट आलेल्या उमेदवारासाठी तो माफ असतो. ग्रॅज्युएट व्हिसावरून आलेल्यासाठी माफ नसतो. तरीही "आधी ग्रॅज्युएट व्हिसा घ्या, पुढचे पुढे पाहू," असे सांगणारे मालक भेटतात. त्यांच्या बोलण्यात नेहमीच लबाडी असते असे नाही. पण "पुढचे" म्हणजे कोणत्या महिन्यात आणि किती वेतनावर, हे लेखी मागून घेण्यात उमेदवाराने संकोच धरू नये.

मग थेट दुसरा दरवाजा सर्वांनीच गाठावा काय? तसेही नाही. स्किल्ड वर्करचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यास सामान्यतः साठ दिवस मिळतात, आणि ग्रॅज्युएट व्हिसाचा आसरा तेव्हा उरलेला नसतो. म्हणून मालक भरवशाचा, वेतन पातळीवरचे आणि काम मनाजोगते, अशी तिन्ही लक्षणे जुळत असतील त्याने थेट जावे. ज्याचे यांपैकी एकही डळमळते, त्याने ग्रॅज्युएट व्हिसा घ्यावा. मात्र ती सुट्टी नसून रोज थोडी थोडी झिजणारी शिल्लक आहे, हे ओळखून पहिल्याच आठवड्यापासून शोधास लागावे.

या निर्णयात आईबापांचाही वाटा आहे. पुष्कळ घरांत कर्ज काढून मुलांना धाडलेले असते, आणि "नोकरी लागली का?" हा एकच प्रश्न दर रविवारी फोनवर विचारला जातो. तो प्रश्न दूरच्या खोलीत एकट्या बसलेल्या मुलाला टोचतो आणि हाती येईल ते पत्कर, असे सुचवतो. त्याऐवजी "तुझा व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत आहे, विद्यापीठ कधी कळवणार आहे आणि मालकाने लिहून काय दिले आहे?" असे विचारावे. त्या तीन तारखा घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात, आणि मगच भटजींना मुहूर्त काढावयास सांगावे.