पावती नसलेली मुलं

कुटुंब तोडायला एक आदेश पुरतो. ते पुन्हा जोडायला चोख नोंद लागते. अमेरिकेत नेमकी तीच नव्हती. एप्रिल 2018 मध्ये बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकावर खटला भरायचं धोरण जाहीर झालं. आईबाप कोठडीत गेले आणि मुलं दुसऱ्याच खात्याच्या निवाऱ्यांत, कधी शेकडो मैल दूर. 26 जूनला सॅन डिएगोचे न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी बजावलं, की पाच वर्षांखालची मुलं 14 दिवसांत आणि बाकीची 30 दिवसांत पालकांकडे पोचवा. अटकेतल्या माणसाच्या सामानाची नोंद होते, मुलांची मात्र नाही, हेही त्यांनी निकालात लिहिलं.

कायदा मोडला तर शिक्षा नको का? जरूर असावी. पण पहिल्यांदा सीमा ओलांडणं हा तिथे किरकोळ गुन्हा, कमाल शिक्षा सहा महिने. पोटच्या पोराला मुकणं त्या शिक्षेत कुठेच बसत नाही. मुलांना तस्करांपासून वाचवायला हवं, हेही खरं. पण त्यासाठी नातं तपासायचं असतं, तोडायचं नसतं. शेकडो पालकांना मुलांविनाच मायदेशी धाडलं गेलं. मग ग्वाटेमाला, होंडुरासच्या दुर्गम गावांत स्थानिक वकील त्यांना शोधत फिरले. हाती अपुरा पत्ता, बंद पडलेला फोन नंबर. डिसेंबर 2023 मध्ये सॅब्रॉ यांनीच मंजूर केलेल्या तडजोडीनुसार अशा ताटातुटीला आठ वर्षांची मनाई झाली. तोवर काही मुलं पालकांना पुन्हा भेटलेलीही नव्हती.