वाकड्या दातांची योग्य वेळ



दुधाचे दात पडणारच, मग त्यांची निगा कशाला. आणि दात वाकडे आले तर मोठेपणी पाहता येईल, अशा दोन समजुती पालकवर्गात रूढ आहेत. या समजुतींमुळे उपचाराची सोपी वेळ निघून जाते. तपासणी सातव्या वर्षी आणि तार बहुधा बाराव्या वर्षाच्या सुमारास, हा साधा नियम शिक्षकाने ध्यानी ठेवावा.

बदलापूरजवळील हेंद्रेपाड्याच्या शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलाच्या तोंडात दुधाचे वीस दात असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, एकही दात न पडता, नवी दाढ उगवते. दात पडलेला नसल्याने घरची माणसे तिला दुधाचीच समजतात. वस्तुतः ती कायमची असून वरच्या व खालच्या दातांची जुळणी तिच्यावर अवलंबून असते. ती किडून गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

सातव्या वर्षापर्यंत या दाढा व पुढचे काही कायमचे दात आलेले असतात. त्यामुळे जबड्यांची ठेवण दंतवैद्यास कळू शकते. पुष्कळदा तो नुसते थांबावयास सांगतो. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत दिसणारी फट सुळे आल्यावर बहुधा आपोआप मिटते.

काही लक्षणे मात्र थांबण्याजोगी नसतात. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आत बसणे, तोंड मिटताना जबडा एका बाजूस सरकणे, पुढचे कायमचे दात आल्यावरही अंगठा चोखणे, सदैव तोंडाने श्वास घेणे, ही ती लक्षणे होत. फार पुढे आलेले दात मैदानावर पडल्यास लवकर मोडतात. दुधाची दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेकडे कलतात आणि येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. अशा वेळी जागा राखणारे लहानसे साधन बसवता येते.

तार लावण्याचे काम सामान्यतः अकरा ते तेरा या वयात सुरू होते. तेव्हा बहुतेक कायमचे दात आलेले असतात आणि जबड्याची वाढही चालू असते. दाब पडलेल्या बाजूचे हाड झिजते व मागे नवे भरते. म्हणून या कामास बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. मोठेपणीही दात सरळ होतात, परंतु वाढत्या जबड्याचे साहाय्य तेव्हा मिळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. या कार्यक्रमाच्या पथकाकडून शाळेत वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीत दातही पाहिले जातात. वर्षभर टिपून ठेवलेली नावे शिक्षकाने त्या दिवशी पथकापुढे ठेवावीत. बदलापूरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यास शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय जवळच आहे, हेही पालकांस सांगावे.

रोगनिदान हे शिक्षकाचे काम नव्हे. पाहणे, वेळेवर सांगणे आणि वर्गात ‘दातऱ्या’ ही हाक बंद पाडणे, एवढे मात्र त्याच्या हाती निश्चित आहे. त्या हाकेने मूल हसताना तोंडावर हात ठेवू लागते, आणि मग त्याचे दात कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत.