तबकडी, सुई आणि बेताचा खिसा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आमच्या युनियनच्याच एका कार्यकर्त्याने आम्हास विचारले, "भाऊ, पगारवाढीचे सोडून हे तबकडीचे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे. ज्याचे आयुष्य माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींत, कारखान्यांच्या फाटकांपुढे सभा घेण्यात गेले, त्याने गाण्याच्या यंत्रावर काय बोलावे? आम्ही संगीतातले जाणकार नाही आणि विद्युतशास्त्राची पदवीही आमच्यापाशी नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या दुरुस्ती-खात्यात झाले. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती आपल्यापैकी कोणाकडून होऊ नये, अशी इच्छा आहे.

आधी ती चूकच सांगतो. आमचे एक वडीलधारे सहकारी होते. सारे त्यांना तात्या म्हणत. सिन्नरच्या विडीच्या धंद्यात त्यांची हयात गेली. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या आणि चार पैसे उरले की नाशिकहून एखादी तबकडी आणायची, असा त्यांचा नेम. थकल्यावर त्यांनी आपल्या साठ-सत्तर तबकड्या युनियनच्या कचेरीत आणून दिल्या. त्यांचे स्वतःचे यंत्र केव्हाच बंद पडले होते. आम्ही उत्साहाच्या भरात साडेपाच हजारांचे एक पेटीवजा यंत्र मागवले. झाकण उघडले की तबकडी फिरणार, कर्णेही आतच. दिसायला मोठे देखणे. नाट्यपदांची एकच तबकडी आम्ही महिनाभर रोज संध्याकाळी वाजवली. मग एके दिवशी तात्या ऐकायला आले. डोळे मिटून त्यांनी एक बाजू पुरी ऐकली आणि म्हणाले, "भाऊ, यातला 'स' गेला."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर आम्हाला बरे वाटले असते. त्यांनी तबकडी उचलली, सदऱ्याच्या कडेने हलकेच पुसली आणि पाकिटात घालून ठेवली.

त्या रात्रीपासून आम्ही या यंत्राचा अभ्यास आरंभला. 'स' जातो म्हणजे काय होते? तबकडीवरील खाच इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी असते. स्टिरिओ तबकडीत एका भिंतीवर डाव्या कर्ण्याचा आवाज कोरलेला असतो, दुसरीवर उजव्याचा. लाँग प्लेची एक बाजू वाजते तेव्हा सुई त्या खाचेतून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास वाटचाल करते. 'स', 'श', झांज, घुंगरू यांचे नाद म्हणजे त्या भिंतींवरची अतिशय बारीक नक्षी. सुई जड असली, झिजलेली असली किंवा तिला नीट हलता येत नसले, तर पहिल्याने ही नक्षी घासली जाते. मग 'स'च्या जागी नुसती खरखर उरते, आणि ती कोणत्याही यंत्रावर पुन्हा भरून येत नाही. चांगल्या चुंबकीय पिकअपची सुई दीड ते दोन ग्रॅम भाराने चालते. आमच्या पेटीतल्या स्वस्त पिकअपचा भार याच्या तिप्पट होता. कामगाराच्या पाठीवर तिप्पट ओझे दिले तर आम्ही संप पुकारतो. तबकडीला संप करता येत नाही. ती मुकाट्याने झिजते.

तेव्हा यंत्र घेताना विक्रेत्यापुढे आपले मागणीपत्र ठेवावे. आमच्या मते त्यात पाच कलमे असावीत.

पहिले कलम पिकअपचे आणि सुईचे. पिकअप चुंबकीय आहे काय? सुई हिऱ्याची आहे काय? ती बदलता येते काय, आणि बदली सुई बाजारात मिळते काय? हिऱ्याची सुईसुद्धा अमर नसते. पाचशे ते हजार तासांत बदलावी लागते. जिची सुई मिळत नाही, ते यंत्र फुकट मिळाले तरी महागच.

दुसरे कलम भाराचे. सुईच्या दांड्याच्या मागे वजन सरकवून भार ठरवता येत असेल तर उत्तम. कारखान्यातूनच भार योग्य ठरवून दिलेला असेल तरी चालेल. मात्र भार कमी तितका चांगला, असेही समजू नये. फार हलकी सुई खाचेत टिकत नाही. ती उड्या मारते आणि भिंतींना ठोकरा देते.

तिसरे कलम वेगाचे. लाँग प्ले मिनिटाला 33⅓ फेऱ्यांनी फिरते, छोटी तबकडी 45 फेऱ्यांनी. वेग डळमळला की स्वर डळमळतो, तंबोरा लावलेला असूनही बेसूर वाटतो. तबकडीचे चाक रबरी पट्ट्याने फिरणारे असो की मोटरीवर थेट बसवलेले असो. बेताच्या किमतीत पट्ट्याचे यंत्र चांगले मिळते आणि पट्टा सैल झाला तर घरी बदलता येतो.

चौथे कलम जोडणीचे. चुंबकीय पिकअपमधून निघणारी वीज अवघी चार-पाच सहस्रांश व्होल्ट असते. शिवाय तबकडी कोरताना खालचे सूर दाबून आणि वरचे उचलून कोरतात. 1954 सालापासून अमेरिकेत याचे एक ठराविक प्रमाण झाले आणि पुढे ते सर्वत्र चालू लागले. हे उलटे करून मूळ आवाज परत आणणारे मंडल यंत्रात नाहीतर अँप्लिफायरमध्ये असावेच लागते. ते कोठे आहे, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर घरी आणल्यावर आवाज मुंगीचा येतो आणि दोष विनाकारण कर्ण्यांना मिळतो.

पाचवे कलम बैठकीचे, आणि त्याला पैसा लागत नाही. यंत्र भक्कम फळीवर ठेवावे, गवंड्याची पाणसळ लावून सपाट करावे, आणि कर्णे त्याच फळीवर ठेवू नयेत. त्यांची थरथर सुईत शिरते.

आता जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांविषयी. सिन्नरातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून कोठे कोठे त्या सापडतात. गौहर जान यांचे गाणे 1902 साली कलकत्त्यात मुद्रित झाले, तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ आपले संगीत या तबकड्यांवर साठले. त्या लाखेच्या असतात, आणि जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थानच होता. छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासींनी खरवडलेली लाख बालगंधर्वांचा आवाज घेऊन घरोघर गेली, हे कामगार म्हणून आम्हास विसरवत नाही. यांची खाच रुंद असते; लाँग प्लेची सुई तिच्या तळाशी नुसती भरकटते. त्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई आणि 78चा वेग लागतो. आजची पुष्कळ यंत्रे 33⅓ आणि 45 एवढेच वेग देतात. घरात जुन्या तबकड्या असतील तर हे आधी पाहावे. आणि एक सावधगिरी. या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत. सुतार लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हे आपण पाहिले आहे. तबकडीचेही तेच होईल.

आम्ही दुसऱ्यांदा यंत्र घेतले ते असे. एकट्याचा खिसा पुरत नाही, तेथे तीस जणांचा पुरतो. तीस सभासदांनी प्रत्येकी पाचशे दिले, पंधरा हजार झाले. त्यात पट्ट्याचे, चुंबकीय पिकअपचे, आत मंडल असलेले साधे यंत्र आले, वर एक बदली सुई आणि धूळ झाडण्याचा ब्रश. कर्णे आणि अँप्लिफायर कचेरीतले जुनेच. दिखाऊ पेटीवर गेलेले साडेपाच हजार मात्र वाया गेले.

कोणी म्हणेल, आज खिशातल्या मोबाइलवर सारे गाणे मिळते, मग हा खटाटोप कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. घरात एकही तबकडी नसेल आणि गाणे तेवढे ऐकायचे असेल, तर हे यंत्र घेऊ नका. ते पैसे मुलांच्या पुस्तकांना लावा. परंतु ज्याच्या घरी वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या तबकड्या आहेत, त्याने त्या मुक्या ठेवू नयेत, आणि आमच्यासारख्या वाईट सुईखाली चिरडूही नयेत.

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या शास्त्रज्ञांनी तबकडीबरोबर पिकअप आणि सुईही ठेवली आणि ती कशी लावायची, याच्या आकृत्या पाकिटावर कोरल्या. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याची त्यांनी जी काळजी घेतली, ती आम्ही तात्यांची घेतली नाही.

नवे यंत्र आल्यावर तात्यांना बोलावले. या वेळी दुसरी तबकडी लावली. बाजू संपली, सुई उचलली, आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते एवढेच म्हणाले, "दुसरी बाजू लावा." पुढे वर्षभराने तात्या गेले. 'स' गेलेली ती तबकडी कचेरीत आहे. ती आम्ही वाजवत नाही आणि टाकूनही देत नाही.

दर रविवारी सायंकाळी कचेरी उघडी असते. आपल्या तबकड्या घेऊन या; ऐकण्याला वर्गणी नाही.