बफर मोकळा कधी होतो?

मोबाइलवर सिनेमा पाहताना १९२० बाय १०८० आकाराचं एक चित्र मेमरीत साधारण ३१ लाख बाइट जागा घेतं. सेकंदाला २५ चित्रं धरली, तर पावणेआठ कोटी बाइट झाले. दर चित्राला नवी जागा मागायची आणि लगेच सोडायची, हे परवडत नाही. म्हणून सॉफ्टवेअर काही बफर, म्हणजे मेमरीचे ठरावीक तुकडे, राखून ठेवतं आणि तेच पुन्हापुन्हा वापरतं.

पण बफर मोकळा झाला, हे ठरवायचं कोणी? चित्र पडद्यावर दिसून गेलं की त्याचं काम संपलं, असं वाटेल. तसं नसतं. व्हिडिओ आकसून साठवण्याच्या एच.२६४ पद्धतीत बरीचशी चित्रं पूर्ण साठवलेली नसतात. दुसऱ्या चित्राहून काय बदललं, तेवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे दिसून गेलेलं चित्रही डीकोडरला, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला, पुढची चित्रं घडवायला लागतं. अशी जास्तीत जास्त १६ चित्रं तो हाताशी ठेवतो. त्यातल्या एखाद्यावर कुणी नवं चित्र लिहिलं, तर प्रोग्राम बंद पडेलच असं नाही. चेहऱ्यावर भलतेच चौकोन उमटतात आणि ती चूक पुढच्या चित्रांत झिरपत जाते. बंद पडणाऱ्या प्रोग्रामपेक्षा मला हीच चूक घातक वाटते, कारण मूळ कुठे आहे ते सापडतच नाही.

फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये यावर चोख उपाय आहे. बफर प्रोग्रामच्या किती भागांनी धरलाय, याची मोजणी चालू असते. ती शून्यावर आली, की मगच बफर साठ्यात परततो. त्यात लिहायचं, तर धरणारा एकटाच हवा. नाहीतर आधी प्रत काढायची. प्रत काढायला वेळ लागतो, म्हणून ही पायरी गाळण्याचा मोह होतो. कृपा करून गाळू नका.

धरलेला बफर सोडायला कुणी विसरलं, तर मेमरी फुगत जाते. जीस्ट्रीमर या दुसऱ्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये बफरच्या साठ्याला मर्यादा घालता येते; मग पुढचा मागणारा अडून राहतो आणि चित्र गोठतं. मी मर्यादेच्याच बाजूचा आहे. चूक निदान लवकर उघडी पडते.

आणखी एक. परत आलेला बफर कोरा नसतो, आधीचं चित्र त्यात तसंच असतं. अनेकांचे व्हिडिओ कॉल हाताळणाऱ्या सर्व्हरवर नवं चित्र अर्धवट आलं, तर उरलेल्या जागेत परक्याच घरातलं दृश्य दिसू शकतं. तिथे एकाचा बफर दुसऱ्याला देण्याआधी तो पुसलाच पाहिजे, मग त्यात थोडा वेळ गेला तरी चालेल.